आंबोलीत धबधब्यानंतर

सावंतवाडीत घर असलं की पावसाळ्यात पाहुण्यांना बोलवावं लागत नाही. पुण्याची नणंद, बेळगावचा भाऊ, बरोबर पोराटोरांची फौज, आणि सगळ्यांना आंबोली हवी. माझ्या अटी दोनच: शनिवार-रविवार नको, आणि सकाळी सातला गाडी निघाली पाहिजे. रविवारी दुपारी घाटात धबधब्यापेक्षा हॉर्नच जास्त ऐकू येतात.

मुख्य धबधबा रस्त्यालाच लागून आहे. पायऱ्या चढायच्या, मनसोक्त भिजायचं, माकडांपासून जपत गरम भजी खायची, की तासाभरात तिथलं काम झालं. बहुतेक मंडळी दिवसभर तिथेच घुटमळतात आणि आंबोली पाहिली म्हणून परततात. मला ते पटत नाही. आमचा खरा दिवस घाट चढून वर गेल्यावर सुरू होतो.

समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे इथे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर, त्या भिंतीच्या अगदी माथ्याला. वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून तर इथलं रान एवढं दाट आणि खोडाखोडावर शेवाळ.

मुलांना मी आधी हिरण्यकेशी नदीच्या उगमाला नेते. गुहेतून पाणी येतं, पुढ्यात कुंड आणि महादेवाचं देऊळ. गेल्या वर्षी भाच्यानं विचारलं, “मामी, हे पाणी पण आपल्या समुद्रात जातं?” नाही जात. घाटातल्या धबधब्याचं पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरतं. हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते, मग कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. मधे अंतर किती, तर गाडीनं काही मिनिटांचं! इथल्याच पाण्यात सापडलेल्या एका लहानशा माशाची २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, नावही नदीचंच मिळालं, आणि २०२१ मध्ये सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे कुंडात पाय बुडवायला, बिस्किटं टाकायला आमच्याकडे सक्त मनाई.

मग डबक्यांचा कार्यक्रम. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला की थांबायचं. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरचा थर सुकतो, आतला ओलावा टिकतो. पिल्लं तयार झाली की फेस सैल पडतो आणि ती टपाटप खालच्या पाण्यात. नशीब असेल तर हे पडणंही दिसतं. भाची “आत्या, अजून एक पडला!” म्हणून ओरडत होती, तेव्हा तिची आई मोबाइलला रेंज शोधत होती.

कावळेसादच्या कड्यावर वारा जोरात असेल तर दरीत पडणारं पाणी उलटं वर उडून अंगावर येतं. मजा येते, पण कठड्याच्या अलीकडूनच बघायचं. तिथे दरीत पडून माणसं गेली आहेत. दाट धुकं असेल तर मी तिकडे गाडी वळवतच नाही.

झाडीत शिरायचं तर पूर्ण पँट आणि मिठाची पुरचुंडी हवी, जळवांसाठी. जळू चिकटली म्हणून ओढून काढू नये. मीठ लावलं की आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. आजी-आजोबांना देवळापर्यंतची वाट झेपते, रानातली निसरडी नाही झेपत.

चारच्या सुमारास सासूबाई सुरू करतात, “आटपा रे, मगे वाट दिसाची नाय.” त्यांचं खरं असतं, धुकं उतरलं की घाटात पुढची गाडीही दिसत नाही. मुलं कुरकुरत बसतात, उरलेल्या घावण्यांचा फडशा पाडतात, आणि सीटवर टॉवेल का नाही अंथरला यावरून दाणोली येईपर्यंत माझं आणि ह्यांचं वाजत राहतं.