आधी पाणी पाहा, मग गाव ठरवा

डिसेंबरच्या अखेरीस निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पुण्यात कानटोप्या बाहेर येतात. त्याच दिवसांत मालवणला दुपारचे ऊन तिशी ओलांडते आणि पहाटे अंगावर एखादी चादर पुरते. उत्तरेकडून येणारी कोरडी, थंड हवा सह्याद्री बरीचशी अडवतो आणि समुद्र हवेची ऊब टिकवून धरतो. किनाऱ्याजवळचे पाणीही या काळात साधारण २६-२७ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पोरे तासभर डुंबली तरी कुडकुडत नाहीत. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र शांत झालेला असतो, उन्हाळ्यातला घामटा अजून सुरू व्हायचा असतो. घरच्या सगळ्यांना घेऊन कोकणात जायचे तर याहून चांगला काळ नाही.

अडचण येते ती गाव निवडताना. बहुतेक घरांत गाव ठरते ते फोटो पाहून किंवा शेजारच्यांनी नाव घेतले म्हणून. तिथे पोहोचल्यावर कळते की या पाण्यात मुलांना उतरवता येत नाही, किंवा खोलीपासून वाळूपर्यंत आजींना चालवत नाही. खरे तर समुद्रावरच्या गावाची पहिली परीक्षा तिथल्या पाण्याची आणि उताराची असते. हॉटेल, जेवण, देवळे हे सगळे त्यानंतर.

गणपतीपुळ्याचेच उदाहरण घ्या. वाळूला लागूनच देऊळ, ज्याचे स्वयंभू गणेश म्हणून पूजन होते त्या डोंगराला प्रदक्षिणा, राहण्याची मुबलक सोय. वयस्क माणसांना घेऊन जायला हे ठिकाण फार सोयीचे. पण इथला समुद्र पोहण्याचा नाही. किनारा लवकर खोल होतो, ओढ जबर असते आणि इथे अनेकांचे जीव गेले आहेत. गणपतीपुळ्याला जावे, दर्शन घ्यावे, सूर्यास्त पाहावा, पाय भिजवावेत. मुलांना डुंबायचेच असेल तर मुक्कामाचे गाव दुसरे निवडावे.

उतार ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. लाट दूरवर फुटून तिच्या तीन-चार पांढऱ्या ओळी एकामागून एक येत असतील, तर तळ सपाट आहे. एकच मोठी लाट अगदी काठाशी येऊन आपटत असेल, तर काठ तिथेच खाली गेला आहे. वाळूही सांगते: बारीक, घट्ट, पाय न रुतणारी वाळू सहसा सपाट किनाऱ्यावर असते, जाड आणि भुसभुशीत वाळू उताराच्या. दिवेआगरची लांबलचक, सपाट पुळण या दृष्टीने लहान मुलांच्या घराला मानवते. दापोलीजवळचे कर्दे आणि मुरुडही तसेच.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. शहरातली माणसे हिचा विचारच करत नाहीत. कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेले आणि दुपारी बाराला उतरलेले. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आसपास येते आणि संध्याकाळी वाळू दूरवर उघडी पडते. क्रिकेट खेळायला, आजोबांना घट्ट वाळूवरून फिरायला हे दिवस उत्तम. मात्र हेच उधाणाचे दिवस असतात. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि उतरताना ओढही जास्त असते. मुंबई-डहाणूकडे उधाणाचा हा चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जातो, दक्षिणेला मालवण-गोव्याकडे तो बराच कमी होतो. दर दिवशी वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते. नेमकी वेळ हवी असेल तर त्या बंदराचे भरतीचे तक्ते मोबाईलवर मिळतात. कोळ्याला विचारले तर तो न पाहता सांगतो.

हे गांभीर्याने घ्यायलाच हवे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हते. पाण्याने आत ओढायला सुरुवात केली तर प्रवाहाशी झगडत थेट काठाकडे पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. पोहता न येणाऱ्यांनी गुडघाभर पाण्यापुढे जाऊच नये. हरिहरेश्वरच्या देवळामागची खडकांवरची प्रदक्षिणाही फक्त ओहोटीला, समुद्र शांत असतानाच करावी.

ओहोटीच्या वेळी मुलांना ओल्या वाळूवर बसवावे. पाच मिनिटे कोणी हलले नाही की बारीक खेकडे बिळांतून बाहेर येतात. वाळूतले खाणे चाळून उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या ते मागे टाकत जातात आणि बिळाभोवती किरणांसारख्या ओळींची रांगोळी तयार होते. भरती आली की सगळी पुसली जाते, दुसऱ्या ओहोटीला नवी. याला तिकीट नाही आणि कुठल्याही पॅकेजमध्ये हे मिळत नाही.

थोडी मोठी मुले असतील तर दापोलीकडचे हर्णै गाठावे. दुपार कलली की मासेमारी नौका बंदरात येतात, मासळी वाळूवर उतरते आणि लिलाव सुरू होतो. सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे ढीग, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मासे न खाणाऱ्यांनाही ही तासाभराची गडबड पाहण्यासारखी आहे. वेळासची कासवे मात्र डिसेंबरात दिसतील या आशेने जाऊ नये. ऑलिव्ह रिडलेची पिल्ले तिथे मुख्यतः फेब्रुवारीनंतर बाहेर पडतात, तेव्हा त्यासाठी वेगळी सहल आखावी.

घरात कॉलेजची मुले असतील आणि चार दिवस हाताशी असतील, तर मालवण-तारकर्लीला तोड नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे देवबागची चिंचोळी पट्टी आहे: एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. स्कूबा डायव्हिंगची सोय आहे. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग मालवणच्या धक्क्यावरून होडीने गाठता येतो. पावसाळ्यात ही होडी बंद असते, हिवाळ्यात सुरू. पाण्यातले सगळे बेत सकाळी उरकावेत. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर समुद्र शांत राहतो, दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात. होडीत बसताना लाइफ जॅकेट लहान मुलाच्या मापाचे आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर त्या होडीत बसू नये.

गोवाच हवा असेल तर कुटुंबासाठी दक्षिण गोवा बरा. काणकोणचे पाळोळे अर्धवर्तुळाकार उपसागरात असल्याने तिथे लाटा सौम्य असतात. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पाण्यात उतरावे. पण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तिथले दर आणि गर्दी दोन्ही शिगेला पोहोचतात. त्याच पैशांत वेंगुर्ले-शिरोड्याला जास्त दिवस राहता येईल, आणि मोपाचा विमानतळ तिथूनही जवळच आहे.

प्रवासाचा विचार मुक्कामाइतकाच करावा. पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगर एका सकाळीत गाठता येते. कोल्हापूरकरांना रत्नागिरी आंबा घाटाने सोपी. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांनी दोन दिवसांसाठी तळकोकणात उतरू नये, निम्मी सुटी गाडीतच जाईल. मुंबईहून मालवणला जाणाऱ्यांनी रस्त्यापेक्षा रेल्वे धरावी आणि कुडाळला उतरावे. लहान मुलांना रेल्वेत पाय मोकळे करता येतात, ही मोठी सोय.

शाळेने परवानगी दिली तर नाताळचा आठवडा टाळून जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा घ्यावा. हवा तीच, गर्दी निम्मी. घरगुती मुक्कामाला फोन कराल तेव्हा एसी आणि वायफायच्या आधी चार प्रश्न विचारा: वाळू किती पावलांवर आहे, मुले कुठे उतरतात, त्या दिवसांत भरती किती वाजता आहे आणि जवळचा दवाखाना कुठे. आणि रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. डिसेंबरच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा तारीख आजच ठरवून टाका.