पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आणि पुरुषाचा अंतःस्राव

उतारवयातील पुरुष एकमेकांपाशीही ज्याची वाच्यता करीत नाहीत, असा आजचा विषय आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ किंवा प्रोस्टेट ग्रंथी म्हणतात. तिच्या कर्करोगाचे आणि वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या अंतःस्रावाचे नाते काय, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

१९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी रोग हाडांपर्यंत पसरलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. वृषणे काढली की रक्तातील अ‍ॅसिड फॉस्फटेज हे रोगाची चाहूल देणारे द्रव्य उतरे. पुरुषी अंतःस्राव टोचला की ते चढे. या उपचाराने पुष्कळांच्या वेदना शमल्या. १९६६ साली हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अँड्र्यू शॅली यांच्या संशोधनाच्या आधारे, वृषणांना मेंदूकडून मिळणारा हुकूमच थोपविणारी औषधे निघाली आणि अनेकांची शस्त्रक्रिया टळली.

यावरून कोणी म्हणेल, की अंतःस्राव घटविल्याने रोग हटतो, तेव्हा तो ज्याच्या अंगी अधिक त्याला रोगही अधिक. तर्क सरळ दिसतो, पण तो फसवा आहे. २००८ साली १८ अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. रोगाचे निदान होण्यापूर्वीच घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनच्या प्रमाणाचा पुढे होणाऱ्या रोगाशी संबंध आढळला नाही. उलट, काही पाहण्यांत ज्यांचे प्रमाण कमी, त्यांच्यातच रोगाचे उग्र रूप अधिक दिसले!

हे कोडे शेतकऱ्याला चटकन उलगडेल. पाणी तोडले तर रोप सुकते. पण वाफा भरल्यावर आणखी पाणी सोडले म्हणून रोप दुप्पट वाढत नाही. पेशींत हा अंतःस्राव धरून ठेवणाऱ्या जागा मोजक्या असतात आणि त्या थोडक्यातच भरतात, असे आज अनेक तज्ज्ञ मानतात. निरोगी पुरुषाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते. उपचारात ते ५० च्याही खाली आणतात.

याची किंमत मोजावी लागते. अंगातून गरम वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, कामेच्छा मावळते. शिवाय काही काळाने रोग या उपचाराला दाद देईनासा होतो. मग दुसरी औषधे योजावी लागतात. तरीही 'पुरुषत्व जाईल' या भीतीने हाडांचे दुखणे सोसत बसणे शहाणपणाचे नव्हे.

तेव्हा रक्तातील टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर धीर किंवा धास्ती बांधू नये. लघवीला अडथळा होऊ लागला, तिच्यात रक्त दिसले किंवा कंबरेचे दुखणे हटेना, तर वैद्याकडे जावे. पुष्कळदा कारण साधेच निघते. पण ते तपासल्यावाचून कळत नाही. आणि तपासणीच्या आड येते ती बहुधा आपली लाजच.