घर विकण्यापूर्वी : लेखांक सहावा – जव्हार-मोखाड्याचे घर

गेल्या आठवड्यात शहरातील सदनिकांचा विचार करताना आपण पाहिले की, अडगळ हलविणे, भिंती रंगविणे आणि प्रकाशाची नीट योजना करणे एवढ्याने तेथील ग्राहकाचे मन पुष्कळसे अनुकूल होते. परंतु जेथे मृगापासून नवरात्रापर्यंत पर्जन्याचेच आधिपत्य असते, त्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपठारावर हाच उपाय जसाच्या तसा योजणे मला सर्वथा अनुचित वाटते. कारण येथे घर पाहावयास येणारा जाणता मनुष्य भिंतीच्या रंगाआधी आढ्याकडे दृष्टी टाकतो.

1948 साली विलीनीकरण होईपर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. अशा जुन्या गावातील ओसरी, माजघर आणि परसू असलेले कौलारू घर विकावयाचे असेल, तर पहिला खर्च छपरावरच करावा. फाल्गुन-चैत्रात कौले उतरवून त्यांवरील शेवाळ घासून काढावे, तडकलेली बदलावीत, आढ्यावरची कोनकौले नव्याने बसवावीत, आणि छप्पर उघडे असतानाच प्रत्येक वासा व रीप ठोकून पाहावी. वाळवीने पोखरलेले लाकूड रंगाखाली दडते, पण ठोकताच पोकळ वाजते. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचत असेल, तर त्यास वाट काढून द्यावी. हे काम दिवाणखान्याच्या सजावटीइतके नेत्रसुखद नसले, तरी घराचे खरे मोल त्यावरच ठरते.

भिंतींच्या बाबतीत एका मोहापासून विक्रेत्यास सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो. मातीची किंवा कारवीच्या कुडाची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की ती बाहेर टाकते; तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवून घर ‘पक्के’ भासविण्याचा प्रयत्न केला, तर आत कोंडलेली ओल माती भुसभुशीत करते, आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. अशा भिंतीस मातीचाच लेप द्यावा, सारवण नीट करावे, आणि वरून नीट मुरवून गाळलेल्या चुन्याचा हात फिरवावा. मुंबई-नाशिकच्या ग्राहकास भुलविण्यासाठी दर्शनी भिंतीवर वारली चौक काढून घेण्याची कल्पनाही मला रुचत नाही. तो विवाहविधीचा भाग आहे, त्यास विक्रीची शोभा करू नये.

पाण्याचा प्रश्न याहूनही महत्त्वाचा. अपार पाऊस पडणाऱ्या याच मुलखात, विशेषतः मोखाडा तालुक्यात, उन्हाळ्यात पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. म्हणून विहीर किंवा कूपनलिका असल्यास ती गाळ काढून स्वच्छ करावी, आणि वैशाखात तिला किती पाणी राहते, हे ग्राहकाने विचारण्यापूर्वीच सांगावे. घर दाखविण्यास बहुतेक लोक कोरडा हिवाळा निवडतात; माझे मत याच्या उलट आहे. डागडुजी उत्तम झाली असेल, तर ग्राहकास ऐन आषाढात बोलवावे. मुसळधार पावसात कोरडे राहिलेले माजघर जो विश्वास उत्पन्न करील, तो कोणत्याही रंगाने उत्पन्न होणार नाही. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 55 विक्रेत्यावर असे बंधन घालते की, त्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास सामान्य दक्षतेने न आढळणारा महत्त्वाचा दोष, मग तो मालमत्तेतला असो वा मालकी हक्कातला, त्याने उघड केलाच पाहिजे.

आता दप्तराकडे वळू. मयत वडिलांचे किंवा आजोबांचे नाव तसेच राहिले असेल, तर वारसनोंद करून घ्यावी. घरपट्टीची बाकी चुकती करावी. सातबारा, किंवा भूमापन झालेल्या वस्तीत मालमत्ता पत्रक, ताजे काढून ठेवावे. जमिनीवर वर्ग-2 चा शेरा असेल, तर पूर्वपरवानगी आणि नजराणा यांची चौकशी तहसील कचेरीत आधीच करावी.

मात्र दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि येथील बहुसंख्य रहिवासी आदिवासी आहेत, म्हणून एक गोष्ट सर्वांत आधी तपासावी. आदिवासी भोगवटादाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आणि तीस शासनाची मान्यता आवश्यक असते; आणि त्या गावातील किंवा 5 किलोमीटरच्या आतील कोणी आदिवासी ती घेण्यास तयार नाही, अशी खातरजमा झाल्यावाचून जिल्हाधिकारी ती देऊ शकत नाहीत. 1974 साली आलेली ही तरतूद या भागातील जमीन कवडीमोलाने परहस्ते जाऊ नये म्हणून आहे, आणि ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते. तेव्हा विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच, की जागेचे भोगवटादार कोण, हे उताऱ्यावरून निश्चित झाल्याशिवाय, आणि मंजुरी लागत असल्यास ती हाती पडल्याशिवाय, कोणाकडूनही विसाराचा एक रुपयाही घेऊ नये.