रानडुकरांसाठी बंदूक कोणती घ्यावी?



मंगरूळपीर भागात रानडुकरांचा कळप एका रात्रीत उसाचा फड लोळवतो, हरभरा उकरून टाकतो. मग सभासद आम्हाला विचारतात, "बंदूक कोणती घ्यावी?"

प्रथम रायफलीचा नाद सोडा. .३१५ रायफलीची चुकलेली गोळी किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते, अन् पलीकडच्या शिवारात कोणीतरी जागलीला असतोच. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच लांबीची, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. त्यात बाराबोर सोयीची. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बाराबोर.

काडतूसही पाहून घ्यावे. पाखरांच्या बारीक छर्‍यांनी डुक्कर मरत नाही, नुसते जखमी होते आणि उलटून अंगावर येते. एलजीचे मोठे छर्रे वापरावेत, तेही ३०-३५ पावलांच्या आत. डुकरामागे काय आहे हे दिसल्याशिवाय घोडा ओढू नये.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार रानडुक्कर मारण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी लागते.

आणि कुंपणात लाईनचा करंट कधीही सोडू नका. त्यात डुकराआधी आपलाच माणूस जातो. नुकसान झाल्यास लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाई मागावी, ही विनंती.