ऑयलरचा तर्क आणि तिघांचे सहलेखन
मुंबई विद्यापीठात गणित शिकवलेले शरच्चंद्र श्रीखंडे यांचे संशोधन सहलेखनाच्या जाळ्याचे, म्हणजे संशोधकाला बिंदू आणि संयुक्त शोधनिबंधाला दोन बिंदूंना जोडणारी रेषा मानून काढलेल्या आकृतीचे, फार बोलके उदाहरण आहे. हे संशोधन लॅटिन चौरसांविषयीचे आहे. अशा चौरसात प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत व स्तंभात एकदाच येते. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली, तर त्यांना ऑर्थोगोनल म्हणतात, आणि शेतीप्रयोगांत खते व वाण वाफ्यांना वाटून देताना अशा रचना उपयोगी पडतात. 6, 10, 14 अशा ओळींच्या चौरसांची अशी जोडी अशक्य आहे, असा गणितज्ञ ऑयलरचा 1782मधील तर्क होता. अर्नेस्ट पार्कर यांच्या आधीच्या कामातून धागा मिळाल्यावर राजचंद्र बोस आणि अमेरिकेत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झालेले श्रीखंडे यांनी 22 ओळींची जोडी रचली. ते कळताच पार्कर यांनी 10 ओळींची रचली, आणि 1959मध्ये तिघांनी मिळून 6चा अपवाद सोडता तो तर्क सर्वत्र खोडून काढला. जाळ्याच्या आकृतीत या साऱ्याच्या केवळ तीन रेषा उरतात, कोणाच्या निबंधाने कोणाला वाट दाखवली हे त्यांत दिसत नाही, आणि सहलेखनाच्या मोजणीतील ही उणीव खरोखर मोठी आहे.