मोकळ्या टबाला शॉवर : आधार कोणाचा?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी आता प्लंबरचं दुकान थाटलं. तसं नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांची मुलं अमेरिकेत आहेत, काहींची जुन्या घरांत राहतात. आपण तिथे चार-सहा महिने जाऊन राहतो आणि न्हाणीघरात चार पायांवर उभा असलेला बिडाचा टब समोर येतो. त्याला शॉवर जोडून घ्यावा का, हा प्रश्न मग घरात निघतोच. आज त्याचा नीट विचार करू या.

आपल्याकडच्या घंगाळात पाणी असतं आणि माणूस बाहेर पाटावर बसतो. टबात माणूस स्वतःच भांड्यात उतरतो. टबाची उतरती पाठ, गोलसर तळ, गुळगुळीत एनॅमल हे सगळं रेललेल्या देहासाठी आहे. शॉवर असतो उभ्या माणसासाठी. म्हणून टबाला शॉवर जोडणं म्हणजे नुसता एक नळ वाढवणं नव्हे. निजायच्या भांड्यात आपण माणसाला उभं करत असतो.

आता 'आधार' या शब्दाकडे वळू. तूप पात्राच्या आधाराने राहतं की पात्र तुपाच्या, असा संशय आलेल्या नैयायिकाची गोष्ट आपण ऐकलेली आहे. त्याने पात्र उलटं करून पाहिलं आणि तूप गेलं. आपण त्याला हसतो, पण कोण कोणाला धरून आहे हा प्रश्न खोटा नाही. भिंतीत बसवलेल्या टबाला भिंत तीन प्रकारे धरते : पाइप पोटात घेते, शिंतोडे झेलते आणि हाताला दांडा देते. मोकळा टब दिसतो देखणा, कारण तो कशालाच टेकलेला नाही. पण भिंत गेली तरी तिची तीन कामं उरतातच. ती कोणी करायची?

पहिलं काम पाइपचं. गरम आणि थंड पाण्याचे दोन पाइप बहुधा जमिनीतून टबाशेजारी वर येतात. टबाचा जुना नळ काढून तिथे डायव्हर्टर असलेला नळ बसवतात. त्यातून उभा पाइप वर जातो आणि त्याला शॉवर लागतो. हा पाइप एकटा डगमगतो, म्हणून त्याला भिंतीचा किंवा छताचा टेकू द्यावाच लागतो. टबाचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, तेव्हा छताची उंची आधी मोजावी.

इथे दोन सावधगिऱ्या. शेजारी कोणी फ्लश ओढला की थंड पाण्याचा दाब पडतो आणि अंगावर कढत पाणी येतं. त्यामुळे दाब किंवा तापमान सांभाळणारा मिक्सरच घ्यावा. पाणी 49 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. दुसरी गोष्ट सोवळ्या-ओवळ्याची. हँड शॉवरचं तोंड टबातल्या साबणाच्या पाण्यात बुडलेलं असताना नळाचा दाब अचानक पडला, तर ते पाणी उलटं पिण्याच्या पाइपात ओढलं जाऊ शकतं. म्हणून नळाचं तोंड टबाच्या काठाच्या वर हवं आणि हँड शॉवरला उलटा प्रवाह अडवणारी झडप हवी.

दुसरं काम शिंतोड्यांचं. टबाभोवती वर लंबगोल कडी टांगून चारही बाजूंनी पडदा घ्यावा लागतो आणि त्याची खालची कड टबाच्या आत सोडावी लागते. हा पडदा नेमका आत येऊन अंगाला चिकटतो. का? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर हे तपासलं. शॉवरच्या धारांमुळे आतल्या हवेत आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्याशी दाब कमी असतो आणि पडदा तिकडे ओढला जातो. या अर्धवट उत्तरासाठी त्यांना 2001 साली गमतीचं 'इग नोबेल' मिळालं! उपाय साधा आहे : कडेला लोहचुंबक शिवलेला पडदा. बिडाच्या टबाला तो चिकटतो. अ‍ॅक्रिलिकच्या टबाला चिकटत नाही, तिथे कडेला वजन लागतं. जुनी जमीन लाकडी असेल तर हे जपावंच लागतं, कारण रोजचं थोडं पाणीही फळ्या कुजवतं.

तिसरं काम हाताला आधार देण्याचं. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं तेच विसरलं जातं. अशा टबाचा काठ जमिनीपासून सुमारे 60 सेंटिमीटर असतो. ओल्या पायाने तो ओलांडताना क्षणभर आपण एकाच पायावर असतो. तोल गेला की हात जवळची वस्तू पकडतो, आणि जवळ असतो तो शॉवरचा पाइप नाहीतर पडद्याची कडी. दोन्ही आधारासारखे दिसतात, पण माणसाचा भार पेलायला केलेले नसतात. आधार नसणं धोक्याचं खरं, पण आधाराचा भास त्याहून धोक्याचा. कारण भासावर आपण सगळा भार टाकतो.

मग करावं काय? तरुण मंडळींसाठी हा शॉवर ठीक आहे. तळाला न घसरणारी चटई मात्र हवी. सत्तरीतल्यांनी उभं राहण्याचा हट्ट सोडावा. काठावरून आत जाणारा, दोन पाय बाहेर आणि दोन आत असलेला बाक मिळतो. टबाच्या काठाची उंची मोजून तो घ्यावा. बाहेरच्या टोकाला बसायचं, सरकत आत जायचं, एकेक पाय आत घ्यायचा आणि हँड शॉवरने बसूनच अंघोळ करायची. जवळच्या भिंतीच्या पक्क्या लाकडात एक दांडा रोवून घ्यावा. घरात जमिनीच्या पातळीवरचा दुसरा शॉवर असेल, तर सरळ तिकडेच जावं.

मुलगा किंवा सून कौतुकाने विचारेल, "बाबा, शॉवर कुठला आवडेल?" तेव्हा आपण आधी विचारावं, "धरायला काय आहे?" यात संकोच कसला? आधार मागणं म्हणजे परावलंबन नव्हे. टबसुद्धा जमिनीच्या आधारानेच मोकळा उभा असतो.

आता आपले प्रश्न घेऊ.