फुफ्फुसातले गळू : बेडक्याला घाण येते का?

दोन-तीन आठवडे ताप, खोकला, रात्री घाम, माणूस खंगत चाललेला. असे दिसले की घरात एकच धास्ती बसते, टी.बी.ची. तपासणी करायलाच हवी. पण बेडका पुष्कळ पडत असेल आणि रोग्याजवळ बसवणार नाही इतकी त्याला घाण येत असेल, तर फुफ्फुसात गळू झाले असण्याचा संभव असतो.

किडलेल्या दातांतले व सुजलेल्या हिरड्यांतले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. जागा माणूस ठसक्याने ते बाहेर टाकतो. दारूच्या नशेत पडलेला, आकडी आलेला किंवा पक्षाघात झालेला माणूस टाकू शकत नाही. उजव्या बाजूची नळी अधिक सरळ व रुंद, म्हणून घाण बहुधा तिकडेच जाते. तेथील भाग सडून पोकळी होते व तिच्यात पू भरतो. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतण्याची आपल्याकडे फार घाई! त्याला कुशीवर वळवावे, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत काही पाजू नये.

छातीच्या फोटोत ही पोकळी दिसते. खाली पू, वर हवा, मधे आडवी रेघ. टी.बी.तही पोकळी होते, म्हणून बेडका तपासावाच लागतो. सरकारी दवाखान्यात टी.बी.ची ही तपासणी मोफत होते. पन्नाशीच्या पुढच्या बिडी ओढणाऱ्यात गाठीने नळी अडूनही गळू होते; तेव्हा दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

१९४० च्या दशकात पेनिसिलीन वापरात येण्यापूर्वी सुमारे तिनातला एक रोगी दगावत असे. आज बहुतेकजण ऑपरेशनशिवाय बरे होतात. काहींचा पू मात्र नळी घालून काढावा लागतो. औषध तीन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त चालते. आधी शिरेतून इंजेक्शने, मग गोळ्या. खरा घोटाळा इथेच होतो. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, वास जातो, रोजंदारी बुडत असते. माणूस कामावर जातो आणि गोळ्या सुटतात. आतली पोकळी अजून भरलेली नसते. पू पुन्हा साठतो. औषध कधी थांबवायचे ते दुसरा फोटो पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

बेडक्यातून रक्त पडले, धाप लागली किंवा छातीत एकाएकी कळ आली, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणि बरे वाटू लागले की किडका दात दाखवून घ्यावा. मिशेरीने दात बळकट होतात हा समज खोटा आहे.